घरमालकांचं आधण

पाणी उकळणं ही गोष्ट अख्ख्या सोलापुरात फक्त एकाच माणसाला नीट कळते आणि तो माणूस माझा घरमालक होता, असं मी आजही कुणालाही सांगायला तयार आहे. बाकीचे आपण सगळे पाणी नुसतं तापवतो. काकांच्या, म्हणजे या घरमालकांच्या, दृष्टीनं तापणं आणि उकळणं यांत आजारपण आणि आरोग्य यांच्याइतकं अंतर होतं. मे महिन्यात आमच्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळातून आपसूक कढत यायचं, तेव्हा मी एकदा म्हणालो, "काका, आता गॅसची बचत. हेच पाणी घ्या चहाला." त्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "सर, ते गरम पाणी न्हाय. त्या पाण्याला ताप आलाय," ते म्हणाले आणि माठातलं गार पाणी पातेल्यात ओतून पहिल्यापासून सुरुवात केली.

मी नातेपुत्याहून सोलापूरला एका खासगी शाळेत गणित शिकवायला आलो, तेव्हा या काकांच्या घरावरची एक खोली मला भाड्यानं मिळाली. खाली काका-काकू, वर मी. काकांनी उमेदीची सारी वर्षं एका कापडगिरणीत बॉयलरवर काढली होती. गिरणी केव्हाच बंद पडली, तिचा भोंगा थांबला, तिथल्या यंत्रांचं भंगार झालं; पण काकांचा बॉयलर बंद पडला नाही. तो फक्त आकारानं लहान होऊन त्यांच्या स्वयंपाकघरात, गॅसच्या डाव्या शेगडीवर येऊन बसला. उजवी शेगडी काकूंची. डावीवर भाजी, आमटी, दूध असलं काही ठेवायची कुणाला मुभा नव्हती. तिच्यावर फक्त एक अॅल्युमिनियमचं पातेलं बसायचं आणि त्या पातेल्यात चहाच्या पाण्याखेरीज कशाचाही थेंब कधी पडला नव्हता. आमच्याकडचं पाणी जड, भांड्याला पांढरा थर धरणारं. दर रविवारी काका ते पातेलं मांडीवर घेऊन, चष्मा कपाळावर सरकवून, एका बोथट चमच्यानं तो थर खरवडत बसत. त्या वेळी त्यांच्याशी कुणी बोललेलं त्यांना चालत नसे.

आमच्या भागात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी यायचं. त्यामुळे काकांच्या घरी चहाची चव आठवड्याच्या वारांप्रमाणे नाही, तर पाण्याच्या वयाप्रमाणे मोजली जाई. पहिल्या दिवशीचं पाणी 'कोवळं'. त्याला पावडर कमी आणि आलं नको. तिसऱ्या दिवशी ते 'संसाराला लागलेलं' असे, त्याला आलं चाले. पाचव्या दिवशीच्या पाण्याला काका आलं, गवती चहा आणि वर दोन वेलदोडे असा आधार देत. पाहुणा आला की लोक विचारतात, साखर किती? काका मनातल्या मनात नळ कधी आला होता ते आठवत आणि पाणी म्हातारं असेल तर पाहुण्याला सरळ सांगत, "आज नगा थांबू. परवा या."

पण खरी गंमत त्यांच्या ऐकण्यात होती. मी राहायला आल्याच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावून स्टुलावर बसवलं.

"सर, तुमी शिकल्याला माणूस. पाणी उकळलं हे कशावरनं वळखायचं?"

"बुडबुड्यांवरून," मी म्हणालो.

"बुडबुडे कुणालाबी दिसत्यात. डोळे मिटा."

मी डोळे मिटले. खरंच, पाणी आधी थोडं कुरकुरलं. मग सूं असा आवाज वाढत गेला, एवढा की आता हे उकळणारच असं मला वाटलं. मी डोळे उघडणार तेवढ्यात त्यांनी माझा खांदा दाबला. आवाज अचानक खाली आला, जवळजवळ गप्प झाला, आणि मग मऊ अशी गडगड सुरू झाली. "आता," काका म्हणाले आणि पावडर टाकली. "गाणं म्हणतंय तवर ते कच्चं. गप झालं की पिकलं. माणसाचंबी तसंच, पर ते जाऊ द्या." बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसलेले असले तरी त्यांना हा क्षण कळायचा. ते तिथूनच सांगत, "टाक गं," आणि काकू पावडर टाकत.

काकूंची गोष्ट निराळी होती. त्यांचं माहेर मैंदर्गीचं, घरी बोली कानडी, आणि लग्नात त्यांनी बरोबर आणलेलं एक पितळी कॉफीचं गाळणं होतं, वरचा डबा, खालचा डबा असं. काकूंना दुपारी तीनला कॉफी लागायची. कॉफीचं पाणी उकळलं की काकू गॅस बंद करत आणि ते थोडं निववून मगच पावडरीवर ओतत. नेमकं हेच काकांना सहन होत नसे. "येवढा जाळ घालून पाणी वर आणायचं आन् मग गार करायचं. गिरणीत आसं केलं आसतं तर मला घरी पाठिवलं आसतं," ते म्हणत. काकू पदर सावरत शांतपणे उत्तर देत, "गिरणीनं शेवटी घरीच पाठिवलं की." मग काका उठून ओसरीवर जात. चाळीस वर्षांत दोघांनी एकमेकांच्या पेयाचा एक घोटही घेतला नव्हता आणि याचा दोघांनाही सारखाच अभिमान होता.

अशा घरावर राहून मी इलेक्ट्रिक किटली विकत घेतली. सकाळची शाळा, एकटा जीव, मला ती सोयीची वाटली. पिशवीत कपड्यांखाली दडवून ती मी वर नेली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी उकळून तिचं बटण टक्क वाजलं आणि दोन मिनिटांत काका दारात.

"ते टक्क काय वाजलं?"

मला किटली दाखवावी लागली. त्यांनी ती हातात घेऊन उलटीपालटी केली, झाकण उघडून आत पाहिलं, तळाशी बोट फिरवलं. मी पुन्हा पाणी भरून चालू करून दाखवली. पाणी उकळलं, बटण पडलं.

"आपसूक बंद होती?"

"हो."

"मग माणूस कशाला लागतोय?" ते म्हणाले. रागावून नाही. गिरणीच्या शेवटच्या दिवसांत त्यांनी हा प्रश्न आणखी कुणाच्या तोंडून ऐकला असावा असं मला वाटलं. किटली त्यांनी काळजीपूर्वक खाली ठेवली आणि त्या दिवसापासून रोज सकाळी सहाला माझ्यासाठी एक कप चहा जिन्याच्या पहिल्या पायरीवर येऊ लागला. किटली मी सहकाऱ्याला देऊन टाकली.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात मला कावीळ झाली. परीक्षांचे दिवस होते. पेपर तपासून बाहेर पडलं की मी कुठंही, काहीही पीत होतो. बर्फ घातलेला उसाचा रस, सरबत, वाटेतल्या हॉटेलातलं पाणी. डोळे पिवळे झाले तेव्हाही मी ऊन लागलं म्हणत राहिलो. काकांनी एका सकाळी जिन्यात माझा चेहरा पाहिला आणि कपासकट परत फिरले. कप आत ठेवून, सदरा घालून ते बाहेर आले आणि मला रिक्षात बसवून डॉक्टरांकडे घेऊन गेले.

डॉक्टरांनी तेल-तूप, तिखट, चहा, सगळं बंद केलं आणि पाणी उकळून प्यायला सांगितलं. तिथं काका पुढे झाले.

"किती उकळायचं?"

"चांगलं उकळायचं," डॉक्टर म्हणाले.

"चांगलं म्हंजी किती मिनिटं, सायेब?"

डॉक्टरांनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं आणि सांगितलं, "दहा." घरी आल्यावर काकांनी वीस धरली. चहाखेरीज दुसरं काही न शिवलेलं ते पातेलं त्यांनी माझ्या पिण्याच्या पाण्याला दिलं. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. उकळलेलं पाणी झाकून निववायचं, स्टीलच्या कळशीत भरायचं आणि माझ्याच पिशवीतला खडू घेऊन कळशीच्या झाकणावर वेळ लिहायची. मग गुडघे दुखत असताना ती कळशी घेऊन ते स्वतः जिना चढत. मागोमाग काकू भाताची पेज आणत. मी दोन घास खाऊन वाटी सरकवली की काकू विचारत, "साकु?" माहेरच्या भाषेत पुरे का, असं. मी मान हलवली तरी वाटीत आणखी एक डाव पडत असे.

दुसऱ्या आठवड्यात माझं दुखणं वाढलं. पाणीसुद्धा पोटात ठरेना. रक्ताच्या नव्या तपासणीतला काविळीचा आकडा पाहून डॉक्टर म्हणाले, दोन दिवसांत उतार पडला नाही तर दवाखान्यात ठेवावं लागेल. त्या दुपारी आईचा फोन आला. घरी वडील पाय मोडून पडलेले, शेरडं-मेंढरं एकटीच्या गळ्यात, तिला निघता येत नव्हतं. मी बरा आहे असं सांगायला गेलो आणि मला रडू फुटलं. काका कळशी घेऊन दारात उभे होते. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि ओळख ना पाळख, माझ्या आईला सांगितलं, "ताई, तुमी तितं बघा. हितं मी हाय."

मग ते माझ्या खाटेशेजारी जमिनीवर बसले. मी त्यांना विचारलं, "काका, मी मरणार का?" लाज वाटण्यासारखा प्रश्न होता, पण विचारला.

त्यांनी कळशी भिंतीशी टेकवून ठेवली. मग म्हणाले, "बॉयलरला काचेची नळी आसती. आत पाणी किती हाय ते तिच्यात दिसतंय. एकदा पाळीला आलो आन् बघतो तर नळीत पाणीच न्हाय. नवा माणूस आसता तर घाबरून गार पाणी सोडलं आसतं, आन् सगळं फुटलं आसतं. तसं करायचं नसतं. जाळ कमी करायचा आन् वाट बघत बसायचं. मी बसलो."

"मग?"

"मग काय, बसलोय की तुज्यासमोर." पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून 'तू' आलं. एरवी माझ्याहून दुप्पट वयाचा हा माणूस मला 'सर' आणि 'तुमी' म्हणायचा. त्यांनी वाटीत थोडं पाणी ओतलं, चमच्यानं एकेक घोट पाजला, प्रत्येक घोटानंतर बराच वेळ थांबत. संध्याकाळपर्यंत ती वाटी संपली आणि पोटात राहिली. तिसऱ्या दिवशी आकडा उतरला. दवाखान्यात जावं लागलं नाही.

पूर्ण बरं व्हायला दीड महिना गेला. पायांत बळ आलं तसा मी एका सकाळी कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीपर्यंत चालत गेलो. टपरीवाला मला पाहून हसला. "बरे झालात वाटतं, सर. म्हणजे आमचं एक गिऱ्हाईक गेलं."

"कुठलं गिऱ्हाईक?"

"तुमचे मालक. दीड महिना झालं, सकाळी सहाला आन् दुपारी चारला, रोज येतात. कडेला उभं राहून पितात. पहिल्या दिवशी माझ्या पातेल्यात वाकून बघत होते, मी म्हटलं आता काहीतरी बोलणार. पण काही बोलले नाहीत, प्याले."

टपरीच्या चहाला काका भांडी विसळलेलं पाणी म्हणत. मला काही उमगेना. मी विचारलं तेव्हा टपरीवाला म्हणाला, "मी पण विचारलं. म्हणाले, वर आजारी माणूस हाय, त्याचा चहा बंद केलाय. घरात आलं ठेचलं की वास जिन्यानं सरळ वर जातो."

मी घरी आलो आणि स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. फळीवर कॉफीचं पितळी गाळणं पालथं पडलं होतं, कोरडं ठणठणीत. "काकू, आणि तुमची कॉफी?" मी विचारलं.

"मी कुटं टपरीवर जाणार बाई माणूस," काकू म्हणाल्या. "तुमचंच उकळल्यालं पाणी पीत हुते की, वाटीभर. लई चांगलं लागतंय, खोटं कशाला बोलू."

काका मागून आले. त्यांना मी एवढंच विचारलं, "टपरीचा चहा कसा असतो, काका?" त्यांनी टोपी खुंटीला अडकवली. "पाणी उकळत्यात," ते म्हणाले. "वाईट न्हाय."

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. माझं लग्न झालं, गावाच्या दुसऱ्या टोकाला मी घर घेतलं, शाळेत कायम झालो. काका-काकूंकडे महिन्यातून एक-दोनदा जातो. आभार मानायचा प्रयत्न मी दोन-तीनदा केला, पण मी तोंड उघडलं की काका नळाला पाणी कधी येणार यावर बोलू लागतात. आता ते थकले आहेत. हात कापतो, कानाला कमी ऐकू येतं, डॉक्टरांनी दिवसातून एकच चहा ठेवला आहे.

गेल्या रविवारी गेलो तेव्हा काकू देवळात गेल्या होत्या. काका खुर्चीवर बसले होते. उठू लागले आणि पुन्हा बसले. म्हणाले, "सर, आज तुमीच ठेवा."

त्यांच्या डाव्या शेगडीला मी आयुष्यात पहिल्यांदा हात लावला. काका जवळच होते, पण गॅसकडे पाहत नव्हते, खिडकीबाहेर बघत होते. मी मान वाकवून ऐकत राहिलो, पण रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, त्यात मला काहीच कळलं नाही आणि पावडर टाकायला मला उशीर झाला. चहा कडवट झाला असणार. मी कप त्यांच्या दोन्ही हातांत दिला आणि ते काय म्हणतात म्हणून उभा राहिलो. पाणी जास्त उकळलं, गडबड केली, गणिताच्या मास्तराला एवढं कळू नये, काहीही ऐकायची माझी तयारी होती.

काकांनी सावकाश सगळा चहा संपवला. कप खाली ठेवला. "चांगला झालाय," ते म्हणाले.

घरी येईपर्यंत मला ते दोन शब्द बोचत राहिले. त्यांनी एखादी तरी चूक काढायला हवी होती.