पहिली बशी

मामा गेल्याचा निरोप एसटीच्या कंडक्टरने आणला. मी नुकतीच शाळेतून येऊन चहा गाळत होते. पिंपळगाव रेणुकाईला मामांचीही हीच चहाची वेळ... चहा तसाच ठेवला आणि मिळेल त्या गाडीने निघाले.

मामा तिथल्या शाळेत गुरुजी होते. गावात कुणी वारलं की शोकसभेत बोलायला त्यांनाच बोलवत आणि ते परतत ते वैतागूनच. ज्यानं जन्मभर भावाशी बांधावरून भांडण केलं, तोही मेल्यावर मनमिळाऊ कसा होतो, असं ते विचारत. आम्ही हसायचो. ते मात्र वरवर हसत. आतून त्यांना घोर लागलेला असे. आपल्या माणसांपाशी आपलं खरं असं काही उरणार आहे का, की आपणही नुसते मनमिळाऊच होऊन जाणार?

ते निवृत्त झाले त्या दिवशी हार गळ्यात तसाच ठेवून त्यांनी आम्हाला ओसरीवर बसवलं. "मी मेल्यावर काय बोलणार हायेत ते आत्ताच बोला. मंग मला ऐकू येणार न्हाई." असला हट्ट मामांनीच करावा! त्यांच्या मुलानं सांगितलं, आमच्या वस्तीतल्या पोरींना बाबांनी घरोघर फिरून शाळेत आणलं. मी म्हणाले, माझं लग्न ठरत होतं ते त्यांनी वडिलांशी भांडून लांबवलं, म्हणून मी आज शिक्षिका आहे. मामा खुलले. मग त्यांनी मामीकडे पाहिलं.

मामी भाकरी थापत होत्या. "मला भाषण न्हाई येत. चहा आला की आधी बशीत वतून मला देतेत, मंग सोता पितेत. बस."

मामांचा चेहरा पडला. सगळी हयात शिकवण्यात घातली आणि हिच्या ध्यानात राहिली ती बशी, अशी कुरकुर त्यांनी मला पोचवायला येताना स्टँडपर्यंत केली. मामी मनमिळाऊ तरी म्हणाल्या नाहीत ना, असं मी चिडवलं. ते काही हसले नाहीत.

शेवटची भेट उन्हाळ्याच्या सुट्टीतली. मामा फार खंगले होते, हात कापायचा. बशीत ओतताना चहा सतरंजीवर सांडला. राहू द्या, असं मामी म्हणाल्या, तरी त्यांनी ऐकलं नाही. मामींच्या हातात बशी दिली तेव्हाच कप तोंडाला लावला. मामी आत गेल्यावर मला हळूच म्हणाले, "माझ्या बापाला हॉटेलात कप येगळा असायचा, भाईर वळचणीला खोसलेला. सगळ्यायचं झाल्यावर त्याला चहा. मी बारीक व्हतो, पाह्यचो. तवाच ठरवलं, आपल्या घरात पह्यला घोट दुसऱ्याचा." मग आतल्या दाराकडे पाहत म्हणाले, "हिला हे कधी सांगितलं न्हाई. तरी हिनं बराबर तेच उचललं. अन् मी येडा, रुसलो व्हतो."

मामा फार गोड हसले. इतकं निवांत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मला मामा त्या दिवसाचेच आठवतात आणि अजून गलबलून येतं.

मामांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गाव लोटलं होतं. पहिलेच वक्ते उठले आणि म्हणाले, गुरुजी अत्यंत मनमिळाऊ होते. मी मामींकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. त्यांना पदरातच हसू फुटलं आणि त्या हसण्यातूनच रडू आलं. मला बोलायला सांगितलं, पण मी उठले नाही.

पाहुणे पांगले तसा मामींनी चहा टाकला. त्यांचा मुलगा पाहुण्यांना पोचवायला स्टँडवर गेला होता, घरात आम्ही दोघीच होतो. ओसरीवर मामांच्या जागेवर सतरंजी तशीच अंथरलेली, चहाच्या डागासकट. मामींनी कपातला चहा बशीत ओतला आणि बशी माझ्यापुढे सरकवली.

मी म्हणाले, "मामी, आधी तुम्ही."

"न्हाई गं बाई. आधी कुनाला दिल्याबिगर आता मला घोट उतरत न्हाई."

मी बशी तोंडाला लावली. मग मामींनी कप उचलला.