आमच्या नावाचा मिस्सा

बोरिवलीच्या गावठाणात चर्चच्या मागच्या भिंतीला टेकून आमच्या पाच-सहा झोपड्या होत्या. मी बीडकडची, सहावीत शाळा सुटलेली, लग्न करून इकडं आलेली. पाणी भरायचे पलीकडच्या मावशीच्या विहिरीवर. मावशी ख्रिस्ती, पिढ्यान्‌पिढ्या तिथलीच. तिनं आमची जात कधी विचारली नाही. "भाकर बरी थापते गो तू, दोन मलापण टाक," एवढंच.

निवडणुकीआधी बातमी आली, की तिथल्या पुढाऱ्याला आमची जागा मोकळी करून हवीय. पाऊस तोंडावर, पोर माझ्या कडेवर. मावशी मला घेऊन तडक फादरकडं गेली. "रविवारी देवळात बोला त्याच्यावर." चर्चला ती देऊळच म्हणायची.

तिथं बसलेले एक म्हातारे म्हणाले, "देवळात राजकारण नको."

"आणि तो मतं मागायला येऊन पुढच्या बाकावर बसतो, तेव्हा काय असते? नऊ दिवसांची नोव्हेना?" मावशी म्हणाली.

मी मधेच म्हटलं, "नका बोलू फादर. तुम्ही बोलाल, अन् ते उद्याच मोडतील आमचं."

फादर म्हणाले, "त्याचं नाव मी घेणार नाही, बाई. पण गप्पही बसवत नाही."

रविवारी मी दारातच उभी राहिले. पुढारी पुढच्या बाकावर होता. मिस्सा, म्हणजे त्यांची रविवारची उपासना, कुणासाठी आहे ते फादर सुरुवातीला वाचून दाखवायचे. त्या दिवशी त्यांनी आमची नावं वाचली. एकेका घराची, माझ्या तान्ह्याचंसुद्धा. "भिंतीमागचे आपले शेजारी. त्यांचं छप्पर राहो."

मी पदर डोळ्यांना लावला. मेलेल्यांचीच नावं तिथं वाचतात, असं मला वाटायचं. मावशी मागं येऊन कुजबुजली, "अगो, जित्या माणसांसाठीपण असतो मिस्सा. रडते काय?"

बाहेर पडताना पुढाऱ्यानं विचारलं, "ही माणसं कोण?" मावशीनं माझा दंड धरून मला पुढं केलं. "ही एक. बघून घ्या नीट." त्यानं पोराच्या गालाला हात लावला आणि निघून गेला.

त्या पावसाळ्यात मोडायला कुणी आलं नाही. दिवाळीनंतर आले, आणि झोपड्या गेल्या. तोवर मावशीनं तिच्या पडवीला पत्रे मारून घेतले होते. आम्ही चार वर्षं तिथं राहिलो.

चर्चनं राजकारणात बोलावं का, हे शिकलेल्यांनी ठरवावं. मला मात्र अजून वाटतं, फादर त्या दिवशी गप्प राहिले असते, तर त्या पावसात माझं पोर उघड्यावर असतं.