पूजेच्या नारळाचा भुगा

मंडळी, आज मी एका नारळाचा खून केला.

दुपारी ऑनलाइन मीटिंगमध्ये मॅनेजरने माझं महिनाभराचं काम सगळ्यांसमोर, हसत हसत, मोडीत काढलं. मी "नो वरीज" म्हणाले, लॅपटॉप मिटला आणि उद्याच्या पूजेसाठी आणलेला नारळ घेऊन मागच्या गार्डनमध्ये गेले.

एरवी एका फटक्यात फोडते. आज हातोडीने हाणतच राहिले. प्रत्येक घावाला एक शिवी, अस्सल मराठीत! करवंटीचे तुकडे कुंपणावर उडाले, बोट ठेचलं, रक्त आलं, तरी हात थांबेना.

पलीकडून शेजारचे आजोबा डोकावले. "यू ऑल राइट, लव्ह?"

"फाइन, थँक्स!" रक्ताळलेली हातोडी पाठीमागे लपवत मी हसले.

इथे ब्रिस्टलमध्ये 'लव्ह' म्हणजे आपलं 'बाळा', आणि हा प्रश्न म्हणजे निव्वळ नमस्कार. उत्तरासाठी कोणी थांबत नाही. आजोबा थांबले. म्हणाले, "नाही, मी खरंच विचारतोय."

"नो," मी म्हणाले, आणि त्या भुग्यातच मटकन बसून हमसून हमसून रडले.

इथे आल्यापासून त्या प्रश्नाला दिलेलं माझं हे पहिलं खरं उत्तर. तेही नारळ मेल्यावर.

तुम्ही शेवटचं खरं उत्तर कोणाला दिलंत?