ताईचं ‘काऊन’

वत्सलाताई गेल्याचा निरोप आला तेव्हा मी तिच्यावर चिडलेलोच होतो. आदल्या आठवड्यात तिच्या छातीत दुखतंय हे मला तिसऱ्याच माणसाकडून कळलं. मी ताबडतोब वडनेरला गेलो आणि म्हणालो, सोमवारी जीप घेऊन येतो, वर्ध्याला मोठ्या डॉक्टरांना दाखवू. तर ही निवडत असलेल्या भाजीवरची नजरही न काढता म्हणाली, “मी काय पहिल्यांदा वर्ध्याले येऊन राह्यली का? येतो एसटीनं. तू तुह्या कॉलेजात जाजो.” अर्धा तास वाद घालून मी हात टेकले आणि परत आलो. सोमवार उजाडलाच नाही. शनिवारी मी वर्गात शिकवत असताना वडनेरचा एक ओळखीचा माणूस दाराशी येऊन उभा राहिला. त्याचा चेहरा पाहून मी खडू खाली ठेवला… आज दीड महिना झाला. रडून झालं, सगळे विधी झाले, पण तो राग काही जात नाही.

ताई माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी. आमचं घर अल्लीपूरचं, शेतीचं. तिला वडनेरला दिलं आणि तिथेच ती प्राथमिक शाळेत शिक्षिका झाली. तिचे यजमान, आमचे भाऊजी, शेती पाहायचे आणि बोलणं शक्यतो टाळायचे. बारावीची आमची पहिलीच तुकडी. मी पास झालो, वर्ध्याला बी.एस्सी.ला जायचं ठरलं, तेव्हा ताईने आईबाबांना निरोप पाठवला की मधूला उन्हाळाभर माझ्याकडे धाडा, त्याची तयारी करून घेते. मला वाटलं, ताई नवे कपडे शिवेल, पेटी घेऊन देईल, चार उपदेश करील. पहिल्याच दिवशी तिने स्टोव्ह माझ्यापुढे ठेवला आणि सांगितलं की आजपासून सकाळचा स्वयंपाक तुझा. कसा करायचा ते मात्र सांगणार नाही म्हणाली. पोळ्या जळाल्या, भात चिकट झाला, वरणात दोनदा मीठ पडलं. ताई सगळं मुकाट्याने खायची. भाऊजी ताटावरून उठायचे आणि थेट शेजारी चहा प्यायला जायचे. निदान नावं तरी ठेव, असं मी एकदा वैतागून म्हणालो, तर म्हणाली, “तुले चव नाई का?”

स्वयंपाकाचं एक वेळ समजू शकलो असतो. पण तिने कुणाकडून तरी पहिल्या वर्षाचं भौतिकशास्त्राचं इंग्रजी पुस्तक मागून आणलं होतं. मी गावच्या शाळेत मराठीतून शिकलेला. रोज दोन पानं वाचायची, डिक्शनरी बघायची, आणि संध्याकाळी अंगणात बसून तिला मराठीत सांगायचं. तुला इंग्रजी येतं का, असं मी विचारलं. “नाई येत. म्हनून तर तुले वाचाले लावून राह्यली,” असं उत्तर मिळालं. एका संध्याकाळी मी तिला सांगितलं की पाणी उकळायला लागलं की कितीही जाळ लावला तरी त्याचं तापमान वाढत नाही.

“काऊन?”

“कारण ती उष्णता वाफ करण्यात खर्च होते.”

“काऊन खर्च होते?”

“तसं पुस्तकात लिहिलंय, ताई.”

“म्हंजे तुले नाई समजलं. उद्या हेच पानं पुन्हा वाच.”

ती पानं मी आठवडाभर वाचली असतील. बरोबरीची पोरं नदीवर पोहायला जायची आणि मी ओट्यावर बसून उकळत्या पाण्याशी झगडायचो. त्या उन्हाळ्यात ‘काऊन’ या शब्दाचा मला इतका तिटकारा आला की दुसऱ्या कुणी तो उच्चारला तरी मी खेकसायचो.

ॲडमिशनच्या दिवशी ती वर्ध्याला सोबत आली, पण कॉलेजच्या फाटकाबाहेर कडुनिंबाखाली बसून राहिली. मी आत गेलो, दुपारपर्यंत रांगेत उभा राहिलो, आणि खिडकीपाशी पोचल्यावर कळलं की रांग कॉमर्सची आहे. बाहेर येऊन तिला सांगितलं. रडायचाच बाकी होतो. ती चणे खात होती. थोडे माझ्या हातावर ठेवून म्हणाली, “मंग जाय आता दुसऱ्या रांगेत.”

पहिले तीन महिने वाईट गेले. सर भराभर इंग्रजीत बोलत, शहरातली मुलं माना डोलवत, मी नुसता फळा उतरवून घेई. सहामाहीत गणितात आणि भौतिकशास्त्रात नापास झालो. खोलीवर परत न जाता सरळ वडनेरची बस धरली आणि ताईला सांगून टाकलं की मी सायन्स सोडतो, आर्ट्सला नाव घालतो. ती शाळेतून नुकतीच आली होती, पाय धूत होती. मला वाटलं समजूत घालील, निदान रागावेल. ती म्हणाली, “बदल ना. पन मले सांगाले काऊन आला? तिकडंच बदलून घ्याचं होतं.”

मी जेवलोसुद्धा नाही. तशीच परतीची गाडी पकडली. बसमध्ये सगळा वेळ मनात तिच्याशी भांडत होतो. खोलीवर आलो, दार लावलं आणि रागारागाने पुस्तक उघडून मोठ्याने, मराठीत, भिंतीला समजावून सांगायला लागलो. भिंत काही विचारत नव्हती. मग मीच स्वतःला विचारत गेलो. वार्षिक परीक्षेत पास झालो, हे तिला कळवलं तर म्हणाली, बरं झालं.

पुढे एम.एस्सी. होऊन मी वर्ध्यातच प्राध्यापक झालो. एका उन्हाळ्यात दुसऱ्या एका कॉलेजवरून जात होतो, तर पायरीवर ताई बसलेली. बोटांना शाई, मांडीवर डबा. मी थबकून विचारलं, तू इथे कशी? “पेपर हाये,” ती म्हणाली. बाईंनी गुपचूप बाहेरून बारावी केली होती आणि आता बहिःस्थ म्हणून बी.ए.च्या पहिल्या वर्षाला बसल्या होत्या. धाकटा भाऊ त्याच गावात प्राध्यापक, आणि त्याला पत्ता नाही. त्या वर्षी ती इंग्रजीत नापास झाली. पुढच्या वर्षीही झाली. मी अक्षरशः विनवण्या केल्या की रविवारी येत जाईन, शिकवीन. “तू सांगशील, मले समजल्यावानी वाटन. पेपरात तू थोडाच बाजूले बसनार हायेस?”

तिसऱ्या खेपेला परीक्षेच्या आधी ती आपणहून माझ्याकडे आली, पुस्तक घेऊन. मला आनंद झाला. मी चष्मा लावून सरसावून बसलो, तर तिने पुस्तक स्वतःकडेच ठेवलं. “मी सांगतो. तू फक्त काऊन काऊन विचार.” दिवसभर मी विचारत राहिलो. एकदोनदा ती चिडली, पुस्तक आपटलं, परसात जाऊन आली. मला मनापासून बरं वाटलं. त्या वेळी ती इंग्रजीत सुटली, आणि दोन वर्षांनी पदवीधर झाली. पेढे मला तिच्या शाळेतल्या दुसऱ्या बाईंनी आणून दिले.

परवा वडनेरला गेलो होतो. भाऊजी एकटेच होते. संध्याकाळी रेडिओवर गाणी चालू होती. सात वाजले तसे ते उठले, रेडिओचा आवाज अगदी बारीक केला आणि त्याला कान लावून बातम्या ऐकायला बसले. त्यांना अलीकडे कमी ऐकू येतं. काही वेळ मला उमगेना, मग लक्षात आलं की ही ताईच्या अभ्यासाची वेळ. हल्ली ती एम.ए. करत होती; तिची पुस्तकं अजून आतल्या खोलीत पाटावर होती.

“भाऊजी, आता मोठा केला तरी चालेल,” मी म्हणालो.

“हो ना,” ते म्हणाले, पण हात काही हलला नाही.

मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. बातम्या संपेपर्यंत आम्ही दोघं डोकं खाली घालून रेडिओला कान लावून बसलो. मला एक शब्द धड ऐकू आला नाही.