शाळेत पोरी पाणी का पीत न्हाईत

मुदखेडकडच्या दोस्तांनो, आज दुपारी पुण्यात साईटवर असताना गावच्या शाळेच्या ग्रुपवर मेसेज आला, सातवीतली मुलगी वर्गात चक्कर येऊन पडली. नाव माझ्याच बहिणीचं!

घरी कुणी फोन उचलंना. शेवटी सरांना लावला, त्यांनी तिलाच दिला.

"पाणी पिलीस का गं?"

"न्हाई दादा. शाळेच्या संडासात पाणी नसतंय. म्हणून आम्ही पोरी कुणीच पीत न्हाई."

आई तर शाळेतनं तशीच भरलेली परत आलेली तिची बाटली रोज माठात ओतायची. दुष्काळात पोरगी पाणी वाचवून राहिली म्हणून कौतुक करायची.

सरपंच काका, टँकर आला की आधी शाळेच्या संडासाची टाकी भरा. आणि बाकीच्यांनो, तुमची पोरगी दिवसभर शाळेत पाणी पिते का, कधी विचारलंय?