शहादेवची वाटेवरची माणसं

परळीतल्या त्या डायलिसिस सेंटरमध्ये दुपारच्या पाळीला तीन खाटा होत्या. भिंतीकडची शहादेवची. मंगळवार, गुरुवार, शनिवार. बाराला आत जायचं, चार वाजून गेले की बाहेर. डाव्या हातात दोन सुया, शेजारी घरघरणारं मशीन, आणि तो हात चार तास हलवायचा नाही. असे सोळा महिने झाले होते. या सोळा महिन्यांत शहादेव तिथं कुणाशी धड बोलला नव्हता. सुया टोचून झाल्या की तो तोंड भिंतीकडे करायचा. तिथली तंत्रज्ञ संगीता बीपी बघायला आली की डोळे न उघडता नुसतं "हं" म्हणायचा.

शहादेव मेंढपाळ. वय बावन्न. परळीच्या डोंगरात एका वस्तीवर घर. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन निघायचं, गोदाकाठानं वर वर उमापूरच्या शिवारापर्यंत जायचं आणि पाऊस लागायच्या आत माघारी यायचं, अशी त्याची तीस वर्षं गेली. मग पाय सुजायला लागले, दम लागायला लागला. बीपीनं मूत्रपिंडं खाल्ली होती आणि ते कळायला फार उशीर झाला होता. मेंढरं धाकट्या भावाकडे गेली. शहादेवकडे उरली डॉक्टरांनी मोजून दिलेली पाण्याची एक बाटली, तीही दिवसभर पुरवायची, आणि एक थकवा, जो झोपून उठल्यावरही तसाच असायचा. बायको सारजाबाई त्याच्यासोबत जीपनं यायची आणि चार तास बाहेरच्या बाकावर बसायची. घरी दोघांचं बोलणं गोळी आणि जेवण एवढ्यावर आलं होतं.

खिडकीकडच्या खाटेवर अजिनाथ आला तो जूनमध्ये. चौतीस वर्षांचा, पुण्यात कंपनीत होता, आजारपणामुळे आईवडिलांकडे परत आलेला. पहिले दोन आठवडे त्यानं मोबाइल बघून काढले. मग एके दिवशी त्यानं मधल्या खाटेवरच्या केशरबाईंना विचारलं, "मावशी, एक खेळ खेळायचा का? बसल्या जागी होतो."

केशरबाई साठीच्या, बोलक्या. त्या म्हणाल्या, "झोपल्या जागी हुतोय का ते सांग."

होत होता. अजिनाथ पुण्यात मित्रांबरोबर दर रविवारी तो खेळायचा. एकजण गोष्ट चालवतो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि आपलं पात्र काय करतंय ते सांगतात. जमलं की फसलं ते फासा ठरवतो. वाटेत जी इतर माणसं भेटतात, पहारेकरी, दुकानदार, चोर, राजा, त्या सगळ्यांच्या तोंडून गोष्ट चालवणाराच बोलतो. अजिनाथकडे वीस बाजूंचा एक निळा फासा होता. तो संगीता स्टीलच्या ट्रेमध्ये टाकायची, कारण बाकी सगळ्यांचा एक हात अडकलेला. केशरबाईंनी जडीबुटी देणारी वैदीण घेतली. त्यांची वैदीण प्रत्येक मुक्कामाला आधी तांब्याभर पाणी प्यायची. अजिनाथनं एकदा सांगितलं की पाणी प्यायल्याचं दर वेळी सांगायची गरज नाही. त्या म्हणाल्या, "तुला न्हाई. मला हाय."

खेळ चालला, पण रंगत नव्हता. अजिनाथ घरी बसून वहीत माणसं तयार करायचा. प्रत्येकाचं जन्मगाव, बापाचं नाव, डोळ्यांचा रंग, तलवारीचा इतिहास, दोन-दोन पानं. पुढच्या खेपेला केशरबाईंना त्यातलं काही आठवायचं नाही.

"त्यो कोन रे, मिशावाला?"

"मावशी, सगळ्यांनाच मिशा आहेत."

"मग मी तरी काय करू?"

ऑगस्टमधल्या एका गुरुवारी गोष्ट एका खिंडीत आली. दिवस मावळत आलेला, आणि खिंडीच्या तोंडाशी एक धनगर उभा. अजिनाथनं आवाज जड केला. "हे वाटसरूंनो, या मार्गाने जाऊ नका. पुढे संकट आहे."

भिंतीकडून आवाज आला. "असा कुठला धनगर बोलतो बे?"

संगीता ट्रे घेऊन उभी होती ती तशीच वळली. शहादेवचं तोंड अजून भिंतीकडेच होतं.

अजिनाथ म्हणाला, "मग कसा बोलतो, मामा?"

"मेंढरं कुठंयत त्याची?"

"मेंढरं... मी धरली नाहीत."

"दिस मावळाया आला आन धनगर मेंढराबिगर खिंडीत उभा हाय? कावून? येकतर चोर हाय न्हाईतर याडा झालाय." शहादेव थांबला. एवढं बोलल्यावर त्याला श्वास घ्यावा लागला. "तवा तर त्याला लई घाई असती. जाळी ठोकायची, मेंढरं आत घ्यायची, मोजायची. तुमच्याकडं बघायला त्याला येळ न्हाई. त्यो पाठ करूनच बोलंल."

"काय बोलेल?"

शहादेव वेगळ्याच आवाजात, घाईत, कुणाकडेही न बघता म्हणाला, "ओ बाई, सरका तिकडं, मेंढरं बुजतेत. वाटंला येक मेंढी दिसली का? काळ्या कानाची? गाभण हाय ती."

केशरबाई उशीवरून उठायला लागल्या. "न्हाई दिसली रं बाबा! कवापासनं न्हाई?"

त्या दिवशी खिंड, संकट, पलीकडचा किल्ला सगळं राहिलं. वैदीण दोन तास काळ्या कानाची मेंढी शोधत होती. सापडली तेव्हा मशीन बंद व्हायची वेळ झाली होती, आणि चार महिन्यांनीसुद्धा केशरबाई त्या मेंढीचं कोकरू कसं आहे ते विचारत होत्या.

पुढच्या खेपेला अजिनाथनं शहादेवला एखादं मुख्य पात्र घ्यायला सांगितलं. योद्धा घ्या, वाटाड्या घ्या.

"न्हाई. ते लई लांब चालतेत," शहादेव म्हणाला. "माझ्यानं चार तास दुसरं कुनी व्हनं जमत न्हाई. मला वाटंवरचे दे. पाच मिनिटं बोलायचं, मग निजायचं."

तसंच ठरलं. गोष्ट अजिनाथची, वाटेवरची माणसं शहादेवची. शहादेव ती लिहून आणत नसे. त्याला लिहायचा कंटाळा होता आणि ताकदही नव्हती. माणूस आला की तो एवढंच ठरवायचा, की वाटसरू आले तेव्हा त्याचं कोणतं काम अर्धं राहिलं. न्हावी असला तर समोर एका गालाची दाढी झालेलं गिऱ्हाईक बसलेलं. वेशीवरची पहारेकरीण असली तर तिचे पाय इतके दुखतायत की ती उठणार नाही; दार तुम्हीच ढकला आणि तुम्हीच लावा. राजाचा कारभारी आला तेव्हा त्याला घरी जायचं होतं, कारण मुलगी माहेरी आलेली. अजिनाथला आधी ही नुसती गंमत वाटली. मग त्याच्या ध्यानात आलं की ही माणसं केशरबाईंना आठवतायत. न्हाव्याचं नाव शहादेवनं सांगितलंच नव्हतं, तरी आठवत होतं.

"हे तुम्हाला सुचतं कुठून?" त्यानं विचारलं.

"सुचायचं काय त्यात. तीस वरसं लोकांच्या वाटंनं गेलोय. कुनी मोकळं नसतंय. रानातून मेंढरं नेताना मानूस भेटला की आधी त्याचा हात बघायचा. हातात काय हाय त्यावरून कळतंय, ह्यो बोलनार का दगड मारनार."

सारजाबाईला फरक जीपमध्ये जाणवला. नवरा येता-जाता डोळे मिटून बसायचा, तो आता खिडकीतून बघत होता. एका शनिवारी तो अचानक म्हणाला, "त्या पत्र्यावरच्या बाईच्या हातात काय व्हतं गं?"

"कुठल्या?"

"मागं गेली ती. घरावर चढलेली."

"केबलची वायर असंल. न्हाईतर पापड." मग सारजाबाईनं आभाळाकडे बघितलं आणि म्हणाली, "पापड न्हवते. ढग व्हते. मिरच्या काढीत असंल." वस्ती येईपर्यंत ते त्या बाईबद्दल बोलत होते.

पण खेळानं रक्त शुद्ध होत नाही. थंडी पडली तसा शहादेव खचत गेला. सुया टोचायला जागा सापडेना, पायांत गोळे यायचे, मशीनवरून उतरला की तो अर्धा तास उठू शकायचा नाही. डिसेंबरमध्ये एका मंगळवारी तो आला नाही. गुरुवारीही नाही. अजिनाथनं फोन केला तर सारजाबाईनं उचलला.

"येत न्हाईत म्हनतेत. बास झालं म्हनतेत. मी काय करू, उचलून आणू का?"

"मामांना द्या फोन."

"निजलेत," ती म्हणाली. मागून शहादेवचा श्वास ऐकू येत होता.

शनिवारी तो आला. तोंड सुजलेलं, ओठ निळसर, दोघांनी धरून आत आणला. डॉक्टर ओरडले, संगीता ओरडली. मशीन लागल्यावर दोन तासांनी त्याला बोलता आलं तेव्हा केशरबाईंनी विचारलं, "आलास न्हवं शेवटी?"

"दम कोंडला म्हनून आलो. दुसरं काय न्हाई."

त्यापुढच्या तीन खेपा खेळ झालाच नाही. चौथ्या खेपेला शहादेव स्वतःच म्हणाला, "कुठवर आलीय वैदीण?"

"किल्ल्याच्या पायथ्याशी," अजिनाथ म्हणाला. "उद्या उजाडायच्या आत वर पोचायचंय. वाटेत कुणीतरी बसलंय. कोण आहे, मामा?"

शहादेवनं छताकडे बघितलं. "येक मानूस हाय. दगडाला टेकून बसलाय. त्याच्या हातात काय न्हाई."

अजिनाथनं मान वर केली. आजवर शहादेवच्या माणसाचे हात रिकामे नसायचे.

केशरबाईंनी वैदिणीच्या तोंडून विचारलं, "काय झालं रं बाबा? कुठं निघालास?"

"कुठं न्हाई. तुमी जावा."

"पानी देऊ का?"

"नगं. जावा तुमी. तुमाला वर जायचंय."

खेळातल्या वाटसरूंनी अशा वेळी पुढे जायचं असतं. सगळेच जातात, गोष्ट वर असते, खाली बसलेल्या माणसात नसते. अजिनाथनं पुढचं वर्णन सुरू करायला तोंड उघडलं, तेवढ्यात केशरबाई म्हणाल्या, "मी बसले हितंच."

"मावशी, उजाडायच्या आत—"

"उजाडू दे. तिचे बी पाय दुखतेत. सहा म्हैनं झाले चालतीया ती." त्या शहादेवकडे वळून वैदिणीच्या आवाजात म्हणाल्या, "मी काय तुला उठ म्हननार न्हाई. मला बी उठायचा कंटाळा आलाय. सरक जरा, दगडाला टेकू दे."

संगीता फासा हातात घेऊन उभी होती. टाकायचं काही नव्हतं. मशीनं चालू होती. अजिनाथनं वही मिटली आणि तोही गप्प पडून राहिला. बऱ्याच वेळानं शहादेवचा माणूस म्हणाला, "तुमाला काय कामं न्हाईत का?"

"हायेत की."

"मग?"

"ऱ्हाऊ दे."

मग तो माणूस, किंवा शहादेव, म्हणाला, "मला वाटलं तुमी जाताल." आवाज बारीक झाला होता. केशरबाई जाग्या होत्या, डोळे उघडे होते. चार वाजता पहिलं मशीन वाजलं आणि संगीता सुया काढायला आली. त्या दिवशी किल्ल्यावर कुणी गेलं नाही.

बाहेर आल्यावर शहादेवनं सारजाबाईला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग? केशरबाईचं बराबरच हाय." आणि तिनं त्याचा स्वेटर नीट केला. त्यानंतर त्यानं एकही खेप चुकवली नाही. थकवा कमी झाला असं मात्र कुणी म्हणू नये. तो रोज सकाळी तेवढाच थकलेला उठतो.

मार्चमध्ये अजिनाथच्या आईचं मूत्रपिंड त्याला जुळलं आणि तो ऑपरेशनसाठी छत्रपती संभाजीनगरला गेला. जाताना त्यानं आपली वही शहादेवच्या खाटेवर ठेवली आणि गोष्ट आता तुम्ही चालवा म्हणाला. शहादेवनं वही केशरबाईंकडे दिली. "मला गोष्ट येत न्हाई. मानसं येतेत निस्ती."

"मग मानसंच आन," केशरबाई म्हणाल्या.

आता मंगळवारी दुपारी तिथं किल्ला नाही, संकट नाही. एक वाट असते आणि तिच्यावर कुणीतरी आपलं काम करत असतं. खिडकीकडच्या खाटेवर आता अंबाजोगाईचे एक निवृत्त मास्तर येतात. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, यात जिंकायचं कसं. शहादेव म्हणाला, "मास्तर, आधी पडा जरा. लांबून आलाव." मग त्यानं डोळे मिटले, श्वास घेतला, आणि विहिरीवर मोटार उघडून बसलेल्या एका बाईच्या आवाजात म्हणाला, "ओ, त्यो पाना द्या हिकडं. आन सावली पाडू नका."

मास्तरांनी इकडेतिकडे बघितलं. मग मोकळा हात थोडा पुढे केला.