नमान मारिये आणि दोन थेंब ॲसिड

टेस्ट ट्यूबमधली लघवी तापवली आणि वरचा भाग पांढरा गढूळ झाला. सलग दुसरा दिवस. समोर रोझालिन उभी होती, बाकावर तिची सात वर्षांची लवीना पाय हलवत बसली होती. मी रिपोर्टवर ‘अल्ब्युमिन पॉझिटिव्ह’ लिहिलं आणि रोझालिनला फैलावर घेतलं.

गोव्यात पेडणे तालुक्यातल्या एका सरकारी हेल्थ सेंटरमध्ये मी तेव्हा लॅब टेक्निशियन होते. लॅब म्हणजे एक खोली, एक मायक्रोस्कोप, एक सेंट्रिफ्यूज आणि स्पिरिटचा दिवा. लवीनाला नेफ्रोटिक सिंड्रोम होता. यात किडनीची चाळणी सैल होते, अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन लघवीतून गळतं आणि पोर सुजतं. पहिल्यांदा आणली तेव्हा तिचे डोळे उघडत नव्हते. बांबोळीच्या मोठ्या हॉस्पिटलात ॲडमिट करून स्टेरॉइड सुरू केलं. त्या गोळ्या हळूहळूच कमी करायच्या असतात, मध्येच सोडल्या तर जिवावर बेतू शकतं. घरी आल्यावर रोज सकाळची लघवी आमच्याकडे तपासायची होती.

रोझालिनचा नवरा तारवटी, कायम बोटीवर. घरी या दोघीच. तिने सायबिणीला, म्हणजे मेरीमातेला, आंगवण केली होती, की लेक बरी झाली तर घरापुढच्या क्रुसाकडे लदीन घालीन. लदीन म्हणजे गावाने जमून गाऊन म्हटलेली प्रार्थना, मागाहून उकडलेले चणे. दीडेक महिना रिपोर्ट स्वच्छ आले, तशी ती लदिनीचं आमंत्रणही देऊन गेली. मला ते मुळीच आवडलं नाही. देवावर भार टाकला की लोक गोळ्या टाकतात, हा माझा ठाम सिद्धांत होता. माझ्या सेंट्रिफ्यूजवर गणपतीचा फोटो होता, पण तो मशीनसाठी.

त्यामुळे ट्यूब गढूळ झाल्यावर मला कारण शोधायची गरजच पडली नाही. गोळ्या बंद केल्यास ना, म्हणून मी तिला झापलं.

“गोळी एक दीस चुकूंक ना बाय,” ती म्हणाली. “तेर्स जातकच दितां.” तेर्स म्हणजे संध्याकाळची जपमाळ. माझा अजिबात विश्वास बसला नाही.

डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला. तीन दिवस ओळीने पॉझिटिव्ह म्हणजे आजार उलटला. मग पुन्हा बांबोळी, पुन्हा पूर्ण डोस, आणि स्टेरॉइडचा पूर्ण डोस लहान पोराला सोसत नाही. उद्याची वाट पाहू, पण चिठ्ठी लिहून ठेवतो, असं म्हणून ते आत गेले. रोझालिन रडली नाही. दारात घुटमळत राहिली.

“बाय, एक विचारूं?”

“विचार.”

“आदीं तुमी तापयल्या उपरांत दोन थेंबे घालताल्यात. काल घालूंक नात, आज पूण नात. थेंबो पडटा तेन्ना हांव नमान मारिये म्हणटां. दोन दीस म्हणूंक मेळूंक ना.”

नमान मारिये म्हणजे मेरीमातेची छोटी प्रार्थना. ते थेंब ॲसेटिक ॲसिडचे. लघवी तापवल्यावर कधी कधी साधे क्षारही गढूळ दिसतात. ॲसिड घातलं की क्षार विरघळतात, अल्ब्युमिन तसंच राहतं. बाटली परवा संपली होती. नवीन मागवली होती, ती यायची होती. एवढ्याने काय बिघडतं, असं मीच ठरवलं होतं. दीड महिना रोज माझ्या कामाकडे इतकं लक्ष देऊन पाहणारी ती एकटीच, आणि तिला मी अडाणी समजत होते.

मी डॉक्टरांना जाऊन सांगितलं.  ते म्हणाले, “व्हिनेगर म्हणजे पातळ ॲसेटिक ॲसिडच. आहे कुणाकडे?”

माझ्या घरी कोकम होतं, चिंच होती. माडीचं व्हिनेगर असणार ते रोझालिनच्या स्वयंपाकघरात. घर पलीकडेच. ती धावत जाऊन बाटली घेऊन आली. मी ते गाळलं, ट्यूब पुन्हा तापवली आणि दोन थेंब टाकले. शेजारी पुटपुटणं सुरू झालं. गढूळपणा बघता बघता गेला. डॉक्टरांनी चिठ्ठी फाडली. मला हायसं वाटलं आणि लाज त्याहून जास्त वाटली.

गोळ्या ठरल्याप्रमाणे संपल्या, लदीन झाली. मी गेले. चणे हातात देताना रोझालिनला एकदाचं सांगून टाकलं, की चूक माझी होती.

“म्हाका तेन्नाच कळ्ळें बाय,” ती शांतपणे म्हणाली. “त्या सांजेपासून तेर्सान तुमचें पूण नांव घेतां.”

त्यानंतर रिटायर होईपर्यंत मी रिएजंटशिवाय, म्हणजे ठरलेल्या रसायनाशिवाय, एकही टेस्ट केली नाही. संपलं की तसं लेखी कळवायचे आणि काम थांबवायचे. रोझालिन म्हणते, मला सायबिणीने सुधारलं. ते खोडून काढायला माझ्याकडे काही पुरावा नाही.